स्गानारेल ते फाल्गुनराव : एका फ्रेंच नाटकाचा सांगली-साताऱ्यातील मराठी अवतार

प्रस्तावना

मराठी नाटकाच्या इतिहासात सांगली आणि सातारा या दोन गावांची नावे निरनिराळ्या कारणांनी घेतली जातात. सांगली येथे १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. सातारा, म्हणजे शाहूनगर, हे नाव धारण करणारी शाहूनगरवासी नाटक मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उदयास आली आणि गद्य नाटकांच्या, त्यातही भाषांतरित व रूपांतरित नाटकांच्या, प्रयोगांसाठी ख्यातनाम झाली. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) आणि साताऱ्याची ही मंडळी यांचा योग ज्या नाटकात जुळून आला, ते १८९३ मधील 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे नाटक होय. पुढे तेच 'संगीत संशयकल्लोळ' या नावाने सर्वपरिचित झाले.

या नाटकाचे मूळ फ्रेंच आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतून एका वाक्यात सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो. 'मोलियरवर आधारित' एवढी नोंद केली की रूपांतरकाराचे ऋण मान्य झाले, अशी आपली समजूत दिसते. तथापि कोणत्या बाबी जशाच्या तशा आल्या, कोणत्या बदलल्या आणि त्या का बदलाव्या लागल्या, हे प्रश्न त्या नोंदीने सुटत नाहीत. प्रस्तुत लेखात हे प्रश्न विचारात घेतले आहेत. देवलांनी मोलियरचे कथानक स्वीकारले. परंतु ते ज्या चौकटीत बसवले ती चौकट त्यांना संस्कृत नाटकाकडून, विशेषतः शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'कडून लाभली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पॅरिस, लंडन आणि महाराष्ट्र

मोलियरचे 'स्गानारेल' हे एकांकी पद्यनाटक १६६० मध्ये पॅरिस येथे रंगभूमीवर आले. त्याच्या दुसऱ्या नावाचा आशय 'पत्नी व्यभिचारी असल्याचा नुसता भास झालेला नवरा' असा आहे. चोवीस प्रवेशांच्या या छोट्या प्रहसनात स्गानारेलची भूमिका स्वतः मोलियर करीत असे. कथानक थोडक्यात असे : सेली या तरुणीचा पिता तिने श्रीमंत स्थळ पत्करावे म्हणून आग्रह धरतो. तिचे प्रेम लेली या तरुणावर आहे. त्याची तसबीर हाती असताना तिला मूर्च्छा येते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो आणि ते दृश्य त्याची पत्नी खिडकीतून पाहते. खाली पडलेली तसबीर पत्नीच्या हाती लागते. तिला ती न्याहाळताना पाहून स्गानारेलला तिचा संशय येतो. पुढे तीच तसबीर स्गानारेलच्या हाती पाहून लेलीला सेलीविषयी संशय येतो. चार माणसे, चार संशय आणि मुळाशी एक तसबीर, अशी ही रचना आहे. अखेर एक दासी प्रत्येकाला साधे प्रश्न विचारून गुंता सोडवते.

आर्थर मर्फी या नाटककाराने १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहासाठी या कथेवरून 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी गद्य नाटक रचले. त्यात स्गानारेलच्या जागी सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस हे प्रतिष्ठित दांपत्य आले. सेली व लेली यांच्या जागी बेलिंडा व बेव्हर्ली आले. मोलियरच्या प्रहसनात पत्नीचा मत्सर हा दुय्यम धागा आहे. मर्फीने पतिपत्नींना संशयाच्या बाबतीत समान पातळीवर आणले. देवलांच्या समोर होते ते हे इंग्रजी नाटक. म्हणजे फ्रेंच पद्य इंग्रजी गद्यात गेले, इंग्रजी गद्य मराठी गद्यात आले आणि १९१६ मध्ये त्या मराठी गद्यात पदे येऊन ते संगीत नाटक झाले.

त्या काळात असे प्रवास अपवादात्मक नव्हते. हरिभाऊ आपटे यांनी मोलियरच्याच एका प्रहसनावरून 'मारून मुटकून वैद्यबुवा' लिहिले. सातारा जिल्ह्यातील टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांचे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे भाषांतर शाहूनगरवासीने गाजवले. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांची 'त्राटिका' याच मंडळीच्या रंगमंचावर लोकप्रिय झाली. गणपतराव जोशी आणि स्त्रीभूमिका करणारे बळवंतराव जोग ही जोडी या मंडळीची ओळख होती. स्वतः देवल उत्तम तालीम देणारे म्हणून प्रसिद्ध होते. रूपांतरकाराला आपली वाक्ये कोणत्या नटाच्या तोंडी कशी उमटतील याची जाणीव असणे, ही 'फाल्गुनरावा'च्या जडणघडणीतील महत्त्वाची बाब होय.

खुणेची वस्तू : अंगठी, रुमाल, तसबीर

नाटकात एखादी लहानशी वस्तू हातोहात फिरते आणि तिच्यावरून माणसांचे भवितव्य ठरते, ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास पिक्सेरेकूर याने जो नाट्यप्रकार लोकप्रिय केला आणि ज्याला आपण मेलोड्रामा किंवा अतिनाट्य म्हणतो, त्याचा बराचसा डोलारा अशा खुणांवरच उभा असतो. त्याचे 'सेलिना' हे १८०० मधील नाटक दोनच वर्षांत इंग्रजीत रूपांतरित होऊन लंडनच्या रंगमंचावर आले आणि हा प्रकार युरोपभर पसरला. अतिनाट्यात पत्र, व्रण, दागिना यांसारखी खूण शेवटी सत्य उघड करते. दुष्टाचा मुखवटा गळून पडतो आणि निरपराध व्यक्तीची प्रतिष्ठा परत मिळते. म्हणजे तेथे वस्तू विश्वासार्ह असते आणि माणसे खोटी असतात.

मोलियरच्या प्रहसनात याच्या नेमके उलट घडते. तेथील माणसे खोटी नाहीत. स्गानारेल, त्याची पत्नी, सेली, लेली यांपैकी कोणीही कोणाला फसवलेले नाही. डोळ्यांनी पाहिलेला पुरावाच तेवढा खोटा आहे. तसबीर प्रत्येकाला काहीतरी सांगते आणि तिने सांगितलेले प्रत्येक वेळी चुकीचे ठरते. डोळ्यांना सगळे दिसत असले तरी त्यावर विसंबू नये, असा बोध मोलियर अखेरीस स्गानारेलच्याच तोंडून देतो, तो या रचनेचा स्वाभाविक निष्कर्ष आहे.

देवलांना या युक्तीची दुसरी, भीषण बाजू ठाऊक होती. 'फाल्गुनरावा'च्या तीनच वर्षे आधी, १८९० मध्ये, त्यांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले होते. तेथे एका रुमालाने निष्पाप पत्नीचा बळी घेतला. 'झुंझारराव' आणि 'फाल्गुनराव' ही नाटके शेजारी ठेवून वाचली, म्हणजे एकाच विकाराचा शोकात्म आणि हास्यात्म असा दुहेरी अभ्यास देवलांनी केल्याचे लक्षात येते. झुंझाररावाला संशय पेरणारा खलपुरुष भेटतो. फाल्गुनरावाला असा कोणी लागतच नाही. तो आपला संशय आपणच पेरतो, आपणच वाढवतो. या दृष्टीने पाहता फाल्गुनराव हे पात्र विनोदी असूनही अधिक अस्वस्थ करणारे आहे.

मराठी प्रेक्षकांच्या मनात मात्र खुणेच्या वस्तूचा आणखी एक संस्कार होता. देवलांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले होते. दुष्यंताची अंगठी ही सत्याची साक्ष देणारी खूण. ती सापडताच स्मृती जागी होते. या खुणेची विपरीत प्रतिमा देवलांना 'मृच्छकटिका'त सापडली. या संस्कृत प्रकरणाचे त्यांनी केलेले संगीत रूपांतर १८८७ मधील आहे. न्यायसभेत वसंतसेनेचे अलंकार विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि तेवढ्या पुराव्यावर चारुदत्त खुनी ठरतो. अलंकार खरे आहेत, ते वसंतसेनेचेच आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. तसबिरीच्या घोटाळ्याचे तर्कशास्त्र नेमके हेच आहे. मर्फीचे नाटक हाती येण्यापूर्वीच देवलांनी ही रचना हाताळली होती, आणि तिच्यातील गांभीर्यही अनुभवले होते.

रेवती : बेलिंडा की वसंतसेना?

देवलांनी केलेला सर्वांत मोठा बदल नायिकेच्या बाबतीत आहे. मोलियरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या प्रतिष्ठित घरांतील अविवाहित तरुणी आहेत. त्या सज्ञान आहेत, प्रेमात पडल्या आहेत आणि पित्याने पसंत केलेल्या स्थळाला विरोध करण्याइतके त्यांना स्वत्व आहे. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली मुलगी आहे. तिच्यावर अनुरक्त असलेला अश्विनशेठ हा धनवान गृहस्थ तिच्याशी विवाह करू इच्छितो.

हा बदल केवळ स्थानिक रंग भरण्यासाठी केलेला नाही. १८९३ च्या महाराष्ट्रात उच्चवर्णीय घरातील मुलीचा विवाह ऋतुप्राप्तीपूर्वी होत असे. संमतिवयाचा कायदा दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, मोठ्या वादळानंतर संमत झाला होता आणि त्याने ती मर्यादा दहावरून अवघी बारा वर्षांवर नेली होती. अशा समाजात तारुण्यात आलेली, अविवाहित, रस्त्याने जाणारी, प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी आणि त्याच्यावर रुसणारी तरुणी रंगमंचावर आणायची तर तिचे घर कोणते दाखवायचे? प्रतिष्ठित घरात अशी मुलगी असू शकत नव्हती. हा प्रश्न भाषेचा नसून समाजरचनेचा होता. पॅरिसच्या नाटकात जी मुलगी कोणत्याही बऱ्या घरात सापडली असती, तिच्यासाठी मराठी नाटककाराला नायकिणीचे घर शोधावे लागले. रूपांतर कोठे अडते हे पाहिले की समाज कोठे अडला होता हे कळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल.

परंतु हा मार्ग देवलांनी अपरिहार्यता म्हणून स्वीकारला असला, तरी त्यातून निर्माण झालेला अर्थ मूळ नाटकाच्या पलीकडे जातो. बेलिंडाविषयी बेव्हर्लीला येणारा संशय हा प्रेमिकाचा रुसवा आहे. अश्विनशेठला रेवतीविषयी येणाऱ्या संशयाला समाजाचे पाठबळ आहे. नायकिणीच्या मुलीने एकनिष्ठ राहावे, अशी लोकांची अपेक्षाच नसते. म्हणून तिच्याविरुद्धचा पुरावा तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. तसबीर दुसऱ्याच्या हाती दिसली एवढे पुरते. अशा स्थितीत तसबिरीचा घोटाळा उलगडतो तेव्हा एका व्यक्तीचा गैरसमज दूर होतो, आणि त्याबरोबरच जन्मावरून शीलाचा अंदाज बांधण्याची सवयही हास्यास्पद ठरते.

येथे रेवती बेलिंडापेक्षा वसंतसेनेला जवळची वाटते. दोघींची जन्मस्थिती सारखी, दोघींची निष्ठा सारखी, दोघींच्या बाबतीत एक वस्तू खोटी साक्ष देते. मात्र एक भेद नजरेआड करता येणार नाही. शूद्रकाच्या प्रकरणात वसंतसेनेला 'वधू' हे पद नव्या राजाच्या अनुज्ञेने मिळते. त्यासाठी राज्यक्रांती व्हावी लागते. रेवतीच्या विवाहाला राजाज्ञेची गरज नाही. अश्विनशेठच्या मनातील संशय फिटला की विवाहाचा मार्ग मोकळा होतो. समाजमान्यतेचा प्रश्न देवलांनी राजसत्तेकडून काढून व्यक्तीच्या मनाकडे सोपवला, हा या रूपांतरातील आधुनिक अंश होय.

त्याचबरोबर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सुखान्ताच्या गतीत रेवतीच्या घराचा प्रश्न मागे पडतो. तिच्या आधीच्या पिढीचे, तिच्या घरातील इतर स्त्रियांचे पुढे काय, हे नाटक विचारत नाही. प्रहसनाला तो भार पेलणारा नव्हता, असे समर्थन करता येईल. तथापि सहाच वर्षांनी, १८९९ मध्ये, देवलांनी 'शारदा' लिहिली आणि तिच्यात प्रतिष्ठित घरातील अविवाहित मुलगी प्रत्यक्ष रंगमंचावर आणली. पैशाच्या लोभाने जरठाला विकली जाणारी वस्तू, हे त्या मुलीचे रूप आहे. 'फाल्गुनरावा'त जी मुलगी प्रतिष्ठित घरात दाखवता आली नाही, तिची त्या घरातील खरी स्थिती 'शारदे'त दाखवली गेली. ही दोन नाटके या अर्थाने परस्परपूरक आहेत आणि ती एकत्र शिकवली गेली पाहिजेत.

नावे, नट आणि बोली

स्गानारेल हे फ्रेंच रंगभूमीवरील ठरावीक नमुन्याचे नाव होते. मोलियरने ते अनेक नाटकांत वापरले. मर्फीने 'रेस्टलेस', म्हणजे अस्वस्थ, असे स्वभावदर्शक आडनाव योजले. देवलांनी पंचांग उघडले. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या ही पुरुषांची नावे महिन्यांवरून. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा ही स्त्रियांची नावे नक्षत्रांवरून. या योजनेमुळे पात्रांना आडनाव व गाव राहिले नाही आणि कोणत्याही विशिष्ट घराण्याला बोट लावण्याची सोय उरली नाही. पंचांग जाणणाऱ्या प्रेक्षकाला आणखी एक गंमत जाणवली असणार. कृत्तिका नक्षत्रावरून नाव पडले ते कार्तिक महिन्याचे. फाल्गुनाशी तिचा तसा संबंध नाही. न जुळणाऱ्या या जोडप्याची कुरबूर नावापासूनच सुरू होते. अश्विनी हे पहिले नक्षत्र आणि रेवती शेवटचे. तरीही चक्रात ती एकमेकांना लागूनच असतात. नाटककाराने हे सर्व हेतुपुरस्सर योजले असेलच असे नाही. पण नावांच्या योजनेत हा अर्थ सामावतो, एवढे निश्चित.

प्रयोगाच्या अंगाने पाहता, शाहूनगरवासीचे नट उदात्त व प्रक्षुब्ध भाषणांत मुरलेले होते. त्या काळच्या 'राणा भीमदेव' या नाटकातील आवेशपूर्ण भाषणांवरून 'राणा भीमदेवी थाट' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, यावरून त्या शैलीचा प्रभाव लक्षात यावा. अशा काळात 'फाल्गुनरावा'चे संवाद घरगुती, तुटक आणि चटपटीत आहेत. आवेश आहे, पण तो नवऱ्याने घराच्या उंबरठ्यावर दाखवलेला आवेश आहे. वीरश्रीची भाषा क्षुल्लक कारणासाठी वापरली की हसू येते, हे मोलियरने स्गानारेलला चिलखत घालून रंगमंचावर आणून आणि प्रतिस्पर्धी दिसताच ते पावसासाठी घातल्याची सबब सांगायला लावून दाखवले होते. देवलांनी तो परिणाम चिलखताऐवजी बोलीतून साधला.

एक बाब मात्र तिन्ही देशांत सारखी नव्हती. मोलियरच्या आणि मर्फीच्या नाटकांत स्त्रिया भूमिका करीत होत्या. मराठी प्रयोगात कृत्तिका आणि रेवती पुरुषच साकारत. स्त्रीच्या शीलाविषयीचा हा सगळा कल्लोळ ज्या रंगमंचावर चालला होता तेथे एकही स्त्री नव्हती, ही वस्तुस्थिती या नाटकाच्या सामाजिक वाचनात विसरता येणार नाही.

गद्याकडून संगीताकडे

१९१६ मध्ये, देवलांच्या निधनाच्या वर्षीच, गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव हा त्या प्रयोगाचा लौकिक ठरला. या संगीत रूपात एक विभागणी स्पष्ट दिसते. गायनाचा भार मुख्यत्वे रेवती आणि अश्विनशेठ यांच्यावर आहे. फाल्गुनराव-कृत्तिका यांचे जग मुख्यत्वे गद्याचे राहिले. प्रेमाला सूर मिळाला, संशयाला मिळाला नाही. फ्रेंच 'मेलोड्राम' या शब्दाचा मूळ अर्थही संगीतयुक्त नाट्य असाच आहे. परंतु तेथील संगीत प्रसंगाच्या पार्श्वभूमीवर राहून भय व करुणा वाढवते. मराठी संगीत नाटकात पात्र स्वतः गाते आणि गाताना कथानक थांबते. संशयाला असे थांबणे परवडत नाही, कारण तो थांबला तर विचार सुरू होईल. या विभागणीमुळे नाटकाचा तोल बिघडला नाही, उलट दोन जोडप्यांतील भेद श्राव्य झाला.

परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. पदे लोकप्रिय झाली आणि नाटक पदांसाठी ओळखले जाऊ लागले. साताऱ्याच्या मंडळीने रुजवलेली गद्य संहिता विस्मरणात गेली आणि रेवतीच्या जन्मस्थितीचा प्रश्न बालगंधर्वांच्या मोहक दर्शनात व सुरांत विरून गेला. एकविसाव्या शतकातील पुनरुज्जीवित प्रयोगही प्रामुख्याने संगीताच्या आकर्षणावर उभे राहिले. नाटक जिवंत राहिले ही समाधानाची बाब आहे. तथापि त्यातील जो अंश सर्वाधिक धारदार होता तोच प्रथम बोथट झाला, हेही नोंदवले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'फाल्गुनराव' हे मोलियरच्या कथानकाचे केवळ मराठीकरण नाही. खोटी साक्ष देणारी वस्तू आणि वधूपद मिळवणारी गणिकाकन्या या दोन्ही घटकांबाबत ते 'मृच्छकटिका'च्या परंपरेशी जोडलेले आहे.

२. नायिकेच्या कुलात केलेला बदल हा तत्कालीन विवाहव्यवस्थेने लादलेला होता. पण देवलांनी त्या अडचणीचे रूपांतर सामाजिक टीकेत केले.

३. 'झुंझारराव', 'फाल्गुनराव' आणि 'शारदा' ही नाटके स्वतंत्र व रूपांतरित अशा वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता एका विचारक्रमात अभ्यासली पाहिजेत.

४. १८९३ ची गद्य संहिता आणि १९१६ चे संगीत रूप यांचा तुलनात्मक अभ्यास पदव्युत्तर स्तरावर व्हावयास हवा. सांगली आणि सातारा येथील महाविद्यालयांना हा अभ्यास आपल्या परिसराचाच वारसा म्हणून हाती घेता येईल.

रूपांतरित नाटक म्हणजे दुय्यम दर्जाचे नाटक, हा पूर्वग्रह आपल्या अध्यापनात अजून टिकून आहे. जन्मावरून योग्यता ठरवण्याची ही सवय रेवतीच्या बाबतीत देवलांनी नाकारली होती. त्यांच्या नाटकाच्या बाबतीतही ती नाकारणे न्यायाचे होईल.